रासायनिक इंधनावर चालणारी सूक्ष्म इंजिने : तत्त्व, कार्य आणि मर्यादा

प्रस्तावना :
भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी 1959 मधील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात, रुग्णाने गिळावयाच्या सूक्ष्म ‘शल्यचिकित्सका’ची कल्पना मांडली होती. असे यंत्र घडविता आले, तरी ते शरीरातील द्रवातून स्वबळावर पुढे कसे सरकेल, हा मूलभूत प्रश्न उरतो. त्याला रसायनशास्त्राने दिलेल्या एका उत्तराचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सूक्ष्म विश्वातील अडचण :
नावाड्याने वल्हे थांबविले तरी नाव जडत्वामुळे काही अंतर पुढे जाते. जीवाणूच्या बाबतीत असे घडत नाही. एडवर्ड पर्सेल यांनी 1976 मध्ये केलेल्या विवेचनानुसार, पोहणे थांबविलेला जीवाणू एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी अंतरात थांबतो. या आकारमानाला जडत्व नगण्य ठरते आणि द्रवाची श्यानता प्रभावी होते; पाणी जणू काकवीसारखे दाट बनते. शिंपल्याप्रमाणे केवळ उघडझाप करून तेथे पुढे जाता येत नाही, कारण उघडताना साधलेली प्रगती मिटताना पुसली जाते. शिवाय पाण्याच्या रेणूंच्या अविरत धडकांमुळे (ब्राउनीय गती) दिशाही टिकत नाही. म्हणून येथे इंजिनाला अखंड रेटा लागतो.

द्विधातू सळई :
2004 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात आयुष्मान सेन, थॉमस मॅलौक व सहकाऱ्यांनी अर्धा भाग प्लॅटिनमचा व अर्धा सोन्याचा अशा सळया तयार केल्या. त्यांची लांबी सुमारे 2 मायक्रोमीटर, तर व्यास सुमारे 370 नॅनोमीटर होता. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विरल द्रावणात या सळया आपोआप धावू लागल्या व सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या दहापटीपर्यंत अंतर कापू लागल्या.

निघणाऱ्या ऑक्सिजनचा रेटा हे याचे सहज सुचणारे कारण होय. तथापि तसे असते तर प्लॅटिनमचे टोक मागे राहिले असते. प्रत्यक्षात ते पुढे होते. आरंभी ऑक्सिजनमुळे पृष्ठताणात पडणाऱ्या फरकाचे स्पष्टीकरण देण्यात आले. पुढे वेगवेगळ्या धातूंच्या जोड्या तपासल्यावर विद्युत्‌रासायनिक कारण पुढे आले. प्लॅटिनमवर पेरॉक्साइडचे ऑक्सिडीकरण होऊन प्रोटॉन व इलेक्ट्रॉन मुक्त होतात. इलेक्ट्रॉन धातूतून, तर प्रोटॉन पाण्यातून सोन्याकडे जातात आणि तेथे क्षपण होऊन पाणी बनते. अशा प्रकारे सळई स्वतःभोवती विद्युत्‌क्षेत्र निर्माण करते आणि तिचा पृष्ठभाग ऋणभारित असल्याने त्या क्षेत्रात प्लॅटिनमच्या दिशेने सरकते. थोडक्यात, ती एक शॉर्टसर्किट झालेली विद्युत्‌घटच असते.

मर्यादा व पर्याय :
या इंजिनाच्या मर्यादा त्याच्या कार्यपद्धतीतच दडलेल्या आहेत. द्रवात क्षार असल्यास विद्युत्‌क्षेत्र क्षीण होते व गती मंदावते. रक्त तर क्षारयुक्तच असते. पेरॉक्साइड हे पेशींना घातक आहे. इंधनातील ऊर्जेचा अत्यल्प अंशच गतीत रूपांतरित होतो.

यावर दोन मार्गांनी प्रयत्न झाले. पहिला, बुडबुड्यांचा प्रत्यक्ष रेटा वापरण्याचा. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी 2009 च्या सुमारास पातळ धातुपापुद्रे गुंडाळून अशा सूक्ष्म नळ्या बनविल्या. दुसरा मार्ग, शरीरातीलच इंधन वापरण्याचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील गटाने 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जस्तयुक्त नळ्या उंदरांच्या जठरात सोडल्या. जठरातील आम्लाशी जस्ताची अभिक्रिया होऊन निर्माण झालेल्या हायड्रोजनने त्यांना गती दिली व कार्य संपताच जस्त विरघळून गेले. 2024 मध्ये स्पेनमधील संशोधकांनी युरिएज हे विकर बसविलेले नॅनोकण उंदरांच्या मूत्राशयात वापरले. मूत्रातील युरिया हेच त्यांचे इंधन होते. किरणोत्सारी आयोडीन वाहून नेणाऱ्या या कणांच्या एका मात्रेनंतर मूत्राशयातील अर्बुदांचा आकार सुमारे 90 टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

समारोप :
हे निष्कर्ष उंदरांपुरते आहेत. माणसावरील उपचाराचा दावा त्यांवरून करता येत नाही. मात्र दोन दशकांच्या या वाटचालीतून एक गोष्ट स्पष्ट होते. अधिक वेगवान इंजिनापेक्षा योग्य इंधनाचा शोध अधिक निर्णायक ठरला आहे. या विषयात रसायनशास्त्र, द्रवगतिकी, जीवशास्त्र व वैद्यक या शाखा एकत्र येतात. सळईच्या दिशेविषयीचे साधे निरीक्षण सहज सुचणाऱ्या स्पष्टीकरणाला कसे बाद करते, हे पदवी वर्गात शिकविण्यासाठीही हे उदाहरण उपयुक्त आहे.