खुर्ची आणि नाला

“बाबा, मला स्वीडनला डॉक्टरेट करायची आहे,” असे कन्या म्हणाली, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो फीचा. फी नाहीच! उलट तेथे डॉक्टरेटचा विद्यार्थी बहुधा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. चार वर्षांचे संशोधन, फार तर एक-पंचमांश वेळ अध्यापन, शिवाय हक्काची रजा. जागा जाहिरातीने भरतात, विषयही पुष्कळदा आधीच ठरलेला. तिने निवडलेला होता सांडपाण्यातील प्रतिजैविकांचे अवशेष. आपल्याकडील कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली खरी, पण ते वेतन नव्हे.

दवाखान्यातील माझी खुर्ची तिने घ्यावी, ही (आम्हा डॉक्टरांची नेहमीचीच) इच्छा होती. खंत आहेच. परंतु अर्जाचे पत्र तिने मला वाचावयास दिले. त्यात आमच्या दवाखान्यामागील नाल्याचा उल्लेख होता. मी दोन स्वल्पविराम तेवढे सुधारले.