खोटी चिठ्ठी आणि खानदेशचा रानपिंगळा

घुबड म्हटलं की रात्र आठवते ना? पण दोस्ता, आपल्या खानदेशात एक छोटं घुबड चक्क दिवसाढवळ्या शिकार करतं! त्याचं नाव रानपिंगळा. सातपुड्याच्या सागवानी जंगलात राहतं आणि सरडे, उंदीर मटकावतं.

हे घुबड एकदा हरवलं होतं! किती वर्षं? ओळख बघू. दहा? पन्नास? छे! तब्बल ११३ वर्षं!

जेम्स डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला १८८४ साली खानदेशात रानपिंगळा मिळाला. मग कुणालाच दिसला नाही. साऱ्या जगात मिळून उरले फक्त ७ जुने नमुने, म्हणजे जपून ठेवलेले मेलेले पक्षी, तेही संग्रहालयांच्या कप्प्यांत.

अशा प्रत्येक नमुन्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणाला मिळाला. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं : मांडवी, गुजरात, १९१४. म्हणजे १९१४ पर्यंत तो गुजरातेत होता तर!

आणि इथेच गंमत आहे. ती चिठ्ठी साफ खोटी होती!

रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या माणसाने तो पक्षी लंडनच्या संग्रहालयातून चोरला आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावली. पामेला रासमुसेन या शास्त्रज्ञ बाईंनी ही चोरी पकडली. कशी माहितेय? पक्ष्याचा एक्स-रे काढून! वहीवर नाव नसलं तरी शाळेतल्या बाई तुझं अक्षर ओळखतातच ना? तशा पक्ष्याच्या आत डेव्हिडसनच्या पक्षी भरण्याच्या खास पद्धतीच्या खुणा सापडल्या.

मग गुजरात सोडून खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागी शोध सुरू झाला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा समोर बसलेला! जिवंत! तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला पुढच्या वर्षी. आता जळगावच्या यावल अभयारण्यातही रानपिंगळा आढळतो.

आता संग्रहालयं आणखी एक गोष्ट जपतात. पिसाचं टोक, रक्ताचा थेंब, मांसाचा इवलासा तुकडा. का बरं? त्यात डीएनए असतो, म्हणजे शरीर कसं घडवायचं याची सारी माहिती!

पण डीएनए नाजूक असतो हं. मे महिन्यात जळगावात सकाळचं वरण संध्याकाळपर्यंत आंबतं की नाही? तसाच उष्णतेने हा तुकडाही बिघडतो. म्हणून तो अल्कोहोलमध्ये बुडवतात, नाहीतर गोठवतात. घरच्या फ्रीजरमध्ये साधारण उणे १८ अंश. इथे उणे ८०! आणि द्रव नायट्रोजनच्या टाकीत तर उणे १९६! हैदराबादच्या ‘लाकोन्स’ या प्रयोगशाळेत वन्य प्राण्यांच्या पेशी अशाच जपून ठेवतात.

हे सांभाळणाऱ्या माणसाचं काम ऐक. हजारो नळ्या, सगळ्या अगदी सारख्या! प्रत्येकीला क्रमांक. कोणती नळी कोणत्या डब्यात, कोणत्या घरात, सगळं नोंदवलेलं. वीज गेली तर भोंगा वाजला पाहिजे. शास्त्रज्ञाने मागितलं तर कणभरच द्यायचं, कारण दिलेला तुकडा परत येत नाही! आणि चिठ्ठी पुसली गेली तर? नळी असून नसल्यासारखी. तो तुकडा यावलचा की मेळघाटचा, कोण सांगणार? मला तर फ्रीजरपेक्षा ती चिठ्ठीच जास्त मोलाची वाटते.

अजून एक कमाल सांगू? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पक्ष्याच्या तळपायाची चिमूटभर कातडी घेतली, तरी त्यातून डीएनए मिळू शकतो!

रानपिंगळ्याचंही एक कोडं होतं. हा नक्की कुणाचा नातेवाईक? शास्त्रज्ञ शंभरावर वर्षं वाद घालत होते. २०१८ साली भारतीय संशोधकांनी डीएनए तपासला आणि उत्तर मिळालं. ओळख कोण? तुझ्या गावातल्या जुन्या झाडाच्या ढोलीत बसून कलकलाट करणारा, ठिपक्याठिपक्यांचा आपला साधा पिंगळा! दोघे एकाच घराण्यातले!