खजूर रोडवरचे चौघे

होस्टेलवर प्रेमभंगासाठी वेगळ्या कॅसेटी असायच्या. इंडियन ओशनचा ‘कंदिसा’ त्या कामाचा नव्हता, तरी तो खोलीखोलीतून वाजायचा. २००० साली टाइम्स म्युझिकने काढलेला हा अल्बम सात रचनांचा. एकीत नर्मदेची आळवणी, एकीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामाईक प्रार्थना, ‘हिल्ले ले’मध्ये गोरख पांडेय यांचे क्रांतीचे भोजपुरी शब्द, एक खजुराहोच्या नावाची. रूढ अर्थाचं प्रेमगीत शोधूनही सापडत नाही. पुढे नोकरी-संसारात हा बँड माझ्या हातून सुटला. अलीकडे सगळे अल्बम पुन्हा ओळीने ऐकले. त्या वयातल्या माझ्या बऱ्याच आवडी आता ऐकवत नाहीत, ही टिकली. मला वाटतं, या लोकांनी तरुणांना खूश करणारी गाणी केलीच नाहीत, म्हणून.

तेव्हा आम्ही याला ‘फ्यूजन’ म्हणून मोकळे व्हायचो. सतारीखाली ड्रम्स घातले की फ्यूजन, अशी तेव्हाची समजूत. इथला प्रकार निराळा. सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये दिल्लीत बँड सुरू केला. पुढच्या वर्षी बेस गिटार घेऊन राहुल राम आला आणि १९९४ मध्ये ड्रम्सवर अमित किलम. पहिला अल्बम १९९३ चा. १९९७ चा ‘डेझर्ट रेन’ तर स्टुडिओत झालाच नाही. सफदर हाश्मींच्या स्मृतीसाठी ‘सहमत’ या संस्थेने दिल्लीत भरवलेल्या कार्यक्रमाचं ते ध्वनिमुद्रण. सराव करोलबागेतल्या एका जुन्या बंगल्यात चाले. सुश्मितची गिटार कॉर्ड धरून बसण्यापेक्षा एकेका सुराने पुढे सरकते, जवळजवळ आलापासारखी. गाणं सुरू व्हायला वेळ लागतो आणि कुणालाच घाई नसते. विशीत मी हे आलाप पुढे ढकलून थेट गाण्यावर जायचो. आता शब्द सुरू झाले की थोडा हिरमोड होतो.

आपल्या दृष्टीने सगळ्यात जवळचं गाणं ‘मा रेवा’. राहुल रामने अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. केली आणि परतल्यावर प्रयोगशाळेऐवजी नर्मदा बचाओ आंदोलन गाठलं. ‘मा रेवा’ हे खोऱ्यातलं पारंपरिक गाणं त्याला तिथेच मिळालं. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, म्हणजे तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. त्यांतल्या मणिबेलीच्या बातम्या नव्वदच्या दशकात मराठी वर्तमानपत्रांत सतत येत. मी त्या वाचत होतो, आणि पुढे हे गाणंही ऐकत होतो. दोन्हींत एकच नदी आहे, हे मात्र ध्यानात येत नव्हतं. गाणं मोर्च्याचं नाही, त्यात घोषणा नाही, नदीला आई म्हणून घातलेली साद आहे. तरीही ते कुठून आलं हे कळल्यावर बेसची ती सुरुवात पूर्वीसारखी निव्वळ नाचायची राहत नाही.

असीमबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. आपल्याकडे तबलजी साथीला असतो. त्याने तोंड उघडायचं ते फार तर बोल म्हणायला. असीम तबला आणि इतर तालवाद्यं समोर मांडून खाली बसायचा आणि त्याच वेळी गायचा. हात एका लयीत, गळा दुसऱ्याच वळणावर. राहुलचा आवाज जाड, खुला. असीमचा आतून येणारा, किंचित खरखरीत. २००३ च्या ‘झीनी’ या अल्बमच्या शीर्षकगीतात कबीर आहे. कबीर गाताना भलेभले आधी भक्तीचा सूर लावून बसतात. इथे तो सूर लावलेला नाही, आणि मला ते जास्त पटतं.

२५ डिसेंबर २००९ रोजी असीम गेला. वय अवघं ५२. त्यानंतर २०१० मध्ये बँडने सरावाच्या बंगल्याचा पत्ताच अल्बमला दिला, ‘१६/३३० खजूर रोड’, आणि दर महिन्याला एक याप्रमाणे त्यातली गाणी इंटरनेटवर फुकट दिली. त्यात असीमचा आवाज आहे. त्याच वर्षी जयदीप वर्मा यांचा ‘लीव्हिंग होम’ हा बँडवरचा माहितीपट चित्रपटगृहांत लागला. त्यातला असीम पाहायलाच हवा. २०१३ मध्ये सुश्मितही बाहेर पडला. गिटारवर निखिल राव, गायनात हिमांशु जोशी, तबल्यावर तुहीन चक्रवर्ती अशी नवी मंडळी आली. २०१४ मध्ये ‘तंदानु’, २०२३ मध्ये ‘तू है’. नवे लोक तयारीचे आहेत, शंकाच नाही. पण माझा कान अजून जुन्या चौघांकडेच झुकतो.

बहुतेक मराठी घरांत हा बँड पोहोचला तो ‘बंदे’मुळे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा अनुराग कश्यपचा ‘ब्लॅक फ्रायडे’ खटल्याचा निकाल लागेपर्यंत मुंबई उच्च न्यायालयाने रोखला होता; सिनेमा २००७ मध्ये प्रदर्शित झाला. ‘बंदे’सह त्याची गाणी आधीच बाहेर आली होती, त्यामुळे सिनेमा नसताना पीयूष मिश्रांचे शब्द लोकांच्या तोंडी बसले. गाणं चांगलंच आहे, पण नव्या श्रोत्याने तिथून सुरुवात करू नये. आधी ‘डेझर्ट रेन’ घ्यावा, हेडफोन न लावता घरातल्या स्पीकरवर, मग ‘कंदिसा’. ‘झीनी’ त्यानंतर. ‘बंदे’ वाटेत कुठेतरी भेटेलच. रिअ‍ॅलिटी शोवाले अजून ते सोडायला तयार नाहीत.