दंतवल्क

दंतवल्क किंवा इनॅमल हे दाताच्या हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागावरील आवरण असून मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा व उरलेला पाणी आणि सेंद्रिय द्रव्याचा असतो. मोडलेले हाड सांधते. दंतवल्कात मात्र जिवंत पेशी नसल्यामुळे झिजलेला वा तुटलेला भाग पुन्हा तयार होत नाही.

संरचना

दंतवल्कातील मुख्य खनिज हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट हे कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिकरूप आहे. दाढेच्या उंचवट्यांवर थराची जाडी सुमारे २.५ मिलिमीटरपर्यंत असते व हिरडीकडे ती कमी होत जाते. थर अर्धपारदर्शक असल्याने खालच्या दंतिनाचा पिवळसर रंग त्यातून दिसतो. म्हणून किंचित पिवळे दात अस्वच्छच असतात असे नाही.

स्फटिकांच्या जुड्यांपासून काही मायक्रॉन जाडीचे दंड बनतात. ते दंतिनापासून पृष्ठभागापर्यंत जातात व आतील भागात एकमेकांना छेदत वळणे घेतात. या गुंफणीमुळे पडलेली चीर सरळ पुढे जाऊ शकत नाही. दंतवल्क कठीण असले तरी ठिसूळ असते आणि त्याला दंतिनाचा आधार लागतो. आतून किडलेला दात बाहेरून धड दिसत असतानाच घास चावताना ढासळतो, तो हा आधार गेल्यामुळे.

निर्मिती

दंतवल्क अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी तयार करतात. दंतिनाचा पहिला थर तयार झाल्यावर या पेशी प्रथिनयुक्त, अल्प खनिजाचे द्रव्य स्रवतात; त्यातील बहुतेक प्रथिन अमेलोजेनिन असते. पुढे परिपक्वतेच्या अवस्थेत प्रथिने विघटित होऊन काढली जातात व त्यांच्या जागी खनिज भरते. दात उगवण्याच्या सुमारास या पेशी नष्ट होतात.

दुधाच्या दातांचे दंतवल्क गर्भावस्थेच्या साधारण चौथ्या महिन्यापासून, तर पहिल्या कायम दाढेचे जन्माच्या सुमारास तयार होऊ लागते. रोजच्या वाढीच्या खुणा त्यात सूक्ष्म रेषांच्या रूपाने राहतात. जन्मावेळच्या शारीरिक बदलांमुळे उमटणाऱ्या रेषेला नवजात रेषा म्हणतात. अमेलोजेनिनचे जनुक एक्स व वाय या दोन्ही गुणसूत्रांवर थोड्या वेगळ्या रूपात असल्यामुळे न्यायवैद्यकात लिंगनिश्चितीसाठी त्याचा उपयोग होतो.

विकार

अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा या आनुवंशिक विकारात दंतवल्क पातळ, मऊ किंवा अपुरे खनिजीभूत राहते. दात बनत असताना झालेले गंभीर आजार वा कुपोषण यांमुळेही त्यावर खाचा व डाग राहतात.

दंत-फ्लुओरोसिस हा बालपणी फ्लोराइड जास्त प्रमाणात पोटात गेल्याने होणारा विकार आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे १९०१ मध्ये आलेले दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांनी तेथील रहिवाशांच्या तपकिरी डागांच्या दातांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. पाण्यातील फ्लोराइड हे त्याचे कारण १९३१ मध्ये स्पष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी दर लिटरला १.५ मिलिग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा ठेवली आहे. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. बोअरवेलचे पाणी नितळ व चवीला चांगले असले तरी त्यावरून फ्लोराइडचा अंदाज येत नाही. त्यासाठी तपासणीच करावी लागते. डाग घासून जात नाहीत आणि आठ वर्षांच्या वयानंतर असे पाणी प्यायल्याने पुढच्या दातांवर नवे डाग पडत नाहीत, कारण तोवर त्यांचे दंतवल्क तयार झालेले असते. अतिफ्लोराइडचा हाडांना असलेला धोका मात्र पुढेही राहतो.

दंतक्षयात जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातील सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की खनिज विरघळू लागते. लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट, तसेच अल्प प्रमाणातील फ्लोराइड, यांमुळे आरंभीचा पांढरट डाग पुन्हा खनिजीभूत होऊ शकतो. खड्डा पडल्यावर तो दंतवैद्याकडून भरूनच घ्यावा लागतो. मिसरीने दात घासण्याच्या सवयीमुळेही दंतवल्क झिजते व उघड्या पडलेल्या दंतिनाला थंड-गरम लागून ठणका लागतो.