फेरफटक्याचे कथन : भिलाईचे सिविक सेंटर, उपाहारगृह आणि बदलते उद्यान

घराबाहेर पडण्याच्या क्रियेला मराठीत हेतूनुसार निरनिराळी नावे आहेत. तीर्थासाठी केली जाते ती यात्रा, कामासाठी किंवा ज्ञानासाठी केला जातो तो प्रवास, शाळेची किंवा मंडळाची असते ती सहल. परंतु संध्याकाळी कपडे बदलून कुटुंबासह बाहेर पडणे, बागेत तासभर बसणे, काहीतरी खाणे आणि परत येणे या सर्वांत सामान्य क्रियेला ‘फिरायला जाणे’ यापलीकडे नाव नाही. नाव नाही म्हणून वाङ्मयप्रकारही नाही. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून मराठीत प्रवासवर्णनाची समृद्ध परंपरा सांगितली जाते, फेरफटक्याचे वर्णन मात्र ललित लेखात, पत्रात, आत्मकथनाच्या एखाद्या परिच्छेदात विखुरलेले असते. तौलनिक साहित्याभ्यासाने या विखुरलेल्या कथनाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. उपाहारगृह आणि उद्यान ही या कथनाची दोन स्थिर केंद्रे होत. ही केंद्रे बदलली म्हणजे कथनाचे काय होते, हा प्रश्न भिलाई येथील सिविक सेंटरच्या संदर्भात तपासणे उद्बोधक ठरते.

भिलाईची निवड आकस्मिक नाही. भिलाई पोलाद कारखान्यासंबंधी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी हा प्रदेश ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर नागपूर आणि विदर्भ त्या राज्यातून वेगळे झाले. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले तेव्हा भिलाई आणि नागपूर यांच्यामध्ये राज्याची सीमा आलेली होती. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. म्हणजे एका पिढीच्या आयुष्यात या गावाचा राजकीय पत्ता दोनदा बदलला. हावडा-मुंबई लोहमार्गावर नागपूरपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर असलेल्या या वसाहतीत मराठी भाषक आले ते परप्रांतात गेल्याच्या भावनेने आले की शेजारी गेल्याच्या, याचे उत्तर त्यांच्या येण्याच्या वर्षावर अवलंबून असते.

याला दीर्घ पूर्वेतिहास आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर होती आणि बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून कारभार पाहिला. पुढे माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. मराठीभाषक घराण्यातील या लेखकाला हिंदी गद्याच्या घडणीत मानाचे स्थान आहे. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करीत होते. त्यांची मातृभाषा मराठी, काव्यभाषा हिंदी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील महत्त्वाचे कवी. भिलाईच्या भट्ट्या पेटत होत्या त्या वर्षांत, तेथून अगदी जवळच्या गावी, एकाच घरातील दोन भावांपैकी एकाची हिंदी कविता आकार घेत होती. घरातली भाषा आणि बाहेरची भाषा यांच्यातील हा भेद येथे केवळ मोठ्या लेखकांपुरता नाही. भिलाईतील मराठी कुटुंब ज्या क्षणी उंबरठा ओलांडून सिविक सेंटरकडे निघते, त्या क्षणी तेही हाच भेद ओलांडत असते.

सिविक सेंटर हे नावच विचार करण्याजोगे आहे. भिलाईची वसाहत ‘सेक्टर’ या क्रमांकित विभागांत आखली गेली. जुन्या गावाला मंदिर, पाणवठा, बाजार असे केंद्र असते आणि ते कोणी ठरविलेले नसते. येथे केंद्र आधी नकाशावर आले आणि माणसे नंतर. दुकाने, महात्मा गांधी कला मंदिर, नेहरू आर्ट गॅलरी आणि खाण्याची ठिकाणे यांचा हा समूह ‘नागरिक’ घडविण्याच्या नेहरूकालीन कल्पनेचा एक भाग होता. देशाच्या अनेक प्रांतांतून आलेली कुटुंबे कारखान्यात कामगार म्हणून एकत्र येत. संध्याकाळी ती येथे शेजारी म्हणून, प्रेक्षक म्हणून आणि खवय्ये म्हणून एकत्र यावीत, अशी ही योजना होती. फेरफटका येथे केवळ विरंगुळा नव्हता. तो नियोजनाचा विषय होता.

उद्यानाच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट होते. १९७२ मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून कारखान्याने ‘मैत्री बाग’ उभारली. प्राणिसंग्रहालय, जलाशयातील नौकाविहार, छोटी आगगाडी, संगीतमय कारंजे, आणि पुढे ज्यांच्यामुळे बाग विशेष ओळखली गेली ते पांढरे वाघ, असे तिचे स्वरूप. या बागेची वंशावळ शोधताना दोन परंपरा समोर येतात. पहिली, १९२८ मध्ये मॉस्कोत सुरू झालेल्या आणि पुढे गॉर्कीचे नाव मिळालेल्या ‘संस्कृती आणि विश्रांती’ उद्यानाची. तेथे विश्रांती ही श्रमाची पूरक बाजू मानली गेली आणि तिची सोय करणे हे सार्वजनिक संस्थेचे कर्तव्य ठरले. दुसरी परंपरा डिस्नेलँडची. ते १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात उघडले, म्हणजे भिलाईचा करार झाला त्याच वर्षी. येथे उद्यान स्वतःच एक कथा असते, प्रेक्षक तिकीट काढून त्या कथेत प्रवेश करतो आणि बाहेरचे जग काही काळ दिसेनासे होते. ज्याँ बोद्रियार यांनी १९८१ मध्ये याच उद्यानाच्या आधारे आभास आणि वास्तव यांच्या नात्याची मांडणी केली. मैत्री बागेतही एक कथा होती, ती दोन राष्ट्रांच्या मैत्रीची. परंतु ती नावात आणि उद्देशात होती. बागेत बसलेल्या माणसाला कारखान्याचे अस्तित्व विसरावे लागत नव्हते. तोच कारखाना ती बाग चालवीत होता.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. नावातील मैत्रीचा एक पक्ष नाहीसा झाला आणि नाव राहिले. साहित्याच्या अभ्यासकाला ही स्थिती परिचित आहे. संदर्भ लुप्त झालेला आणि चिन्ह उरलेले असले की चिन्ह नवा अर्थ धारण करते. पुढच्या पिढीच्या मुलांना ‘मैत्री’ म्हणजे आंतरराष्ट्रीय करार वाटत नाही. ती वाघाची, आगगाडीची आणि सुटीच्या दिवसाची खूण असते. स्थळाचे कथन असे राष्ट्राच्या स्मृतीतून कुटुंबाच्या स्मृतीत उतरते.

महाराष्ट्रातील उद्यानांचा इतिहास याच्याशी ताडून पाहता येतो. पुण्याचे पेशवे उद्यान १९५३ चे. तेथील ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी १९५६ मध्ये धावू लागली. या नावामागे बालकवींच्या कवितेचे स्मरण आहे. १९९९ मध्ये कात्रज येथे नवे प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे गेले. फुलराणी जुन्या जागीच राहिली. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ मध्ये सुरू झालेले एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले; खोपोलीजवळ २०१३ मध्ये ‘इमॅजिका’ उभे राहिले. दिल्लीचे ‘अप्पू घर’ १९८४ मध्ये सुरू होऊन २००८ मध्ये बंद पडले. या सर्व उदाहरणांत एक क्रम दिसतो. नगरपालिकेची अथवा कारखान्याची बाग, तीत प्राणी आणि आगगाडी. नंतर शहराबाहेरचे, खासगी, दिवसभराचे तिकीट असलेले मनोरंजन उद्यान. या क्रमात फेरफटक्याची जागा ‘कार्यक्रमा’ने घेतली. फेरफटक्याला पूर्वतयारी लागत नाही, तो अर्धवट सोडता येतो, त्याची पुनरावृत्ती होते. कार्यक्रम पैसे भरून ठरविलेला असतो आणि तो पुरेपूर वसूल करावा लागतो. पुनरावृत्ती हे फेरफटक्याच्या कथनाचे मूळ तत्त्व असल्याने त्याचे व्याकरणही रीतिभूतकाळाचे असते: आम्ही जात असू, बसत असू, खात असू. मनोरंजन उद्यानाच्या भेटीचे कथन साध्या भूतकाळात येते: गेलो, पाहिले, परतलो. उद्यान बदलले म्हणजे क्रियापदही बदलते, असे या अर्थाने म्हणता येईल.

दुसरे केंद्र उपाहारगृहाचे. युर्गेन हाबरमास यांनी १९६२ मध्ये युरोपीय कॉफीगृहांचा संबंध सार्वजनिक चर्चेच्या क्षेत्राशी जोडला. भारतात या मांडणीचे जवळचे रूप इंडियन कॉफी हाउसमध्ये शोधले जाते. कॉफी मंडळाने आपली गृहे बंद केल्यावर १९५७ पासून कामगारांच्या सहकारी संस्थांनी ती चालवावयास घेतली. जबलपूर येथील संस्थेच्या शाखा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडात, भिलाईतही, पसरल्या. पोलादाच्या सरकारी गावात कामगारांच्या मालकीचे उपाहारगृह असणे यात एक आंतरिक संगती आहे. परंतु भिलाईतील कुटुंबाने तेथे राजकीय चर्चा केली की नाही यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. मध्य भारतातील अनेक कुटुंबांना डोसा आणि सांबार प्रथम तेथे भेटले. खाद्यपदार्थाच्या रूपाने दुसरा प्रांत ताटात आला आणि त्याचे नाव उच्चारावे लागले.

भाषासंपर्काचे हे रूप गाड्यांवर अधिक ठळक होते. पुण्यामुंबईची ‘पाणीपुरी’ छत्तीसगडात ‘गुपचुप’ असते. पोहे येथेही आहेत, परंतु त्यांच्या सोबतीला जिलबी येते. तांदळाच्या पिठाचा ‘चीला’ मराठी घरातील धिरड्याशी नाते सांगतो, आणि तरीही त्याला धिरडे म्हटले की गाडीवाल्याला कळत नाही. मराठी मूल घरी एक शब्द वापरते आणि सिविक सेंटरमध्ये दुसरा. कालांतराने बाहेरचा शब्द घरात येतो. अनुवादाच्या सिद्धान्तात ज्याला सममूल्य शब्दाचा प्रश्न म्हणतात, तो येथे भूक लागलेल्या मुलाने रोज सोडविलेला असतो.

मराठी साहित्यात बाहेरच्या खाण्याला स्वतःची जागा आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त वसतिगृहाची मेस हे नायकाच्या अपयशाचे एक क्षेत्र आहे. पु. ल. देशपांडे यांनी ‘माझे खाद्यजीवन’मध्ये खाण्याच्या स्मृतीला आत्मचरित्राचे रूप दिले. अरुण कोलटकर यांनी मुंबईच्या काळा घोडा परिसरातील उपाहारगृहात बसून जे न्याहाळले, ते २००४ मध्ये ‘काला घोडा पोएम्स’ या इंग्रजी संग्रहात आले. या तिघांत एक समान सूत्र आहे: उपाहारगृह ही आत बसून बाहेर पाहण्याची जागा आहे. कोलटकरांच्या कवितेत तर खाणारा आत आणि विषय बाहेर, रस्त्यावर आहे. बाहेर कोण आहे, हा प्रश्न तेथे कवितेचाच प्रश्न होतो.

भिलाईच्या संदर्भात हाच प्रश्न विचारणे आवश्यक आहे. सिविक सेंटरच्या आणि मैत्री बागेच्या आठवणी बहुधा स्मरणरंजनाच्या सुरात सांगितल्या जातात: रस्ते रुंद होते, झाडी दाट होती, सर्व प्रांतांचे लोक मिसळत होते. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईतील प्रदीर्घ क्षेत्रकार्यावर आधारलेल्या ‘क्लासेस ऑफ लेबर’ (२०२०) या ग्रंथात कारखान्याचा कायम नोकर आणि कंत्राटी मजूर यांच्यातील दरी तपशिलाने दाखविली आहे. कायम नोकरीबरोबर घर, शाळा, रुग्णालय आणि संध्याकाळचा मोकळा वेळ येत असे. कंत्राटी मजुराच्या वाट्याला ही सुरक्षितता आली नाही. बागेचे फाटक त्याला बंद नव्हते. पण ‘जात असू’ हे रीतिभूतकाळाचे क्रियापद वापरण्यासाठी निश्चित सुटी आणि निश्चित पगार लागतो. फेरफटक्याचे व्याकरण सर्वांना सारखे उपलब्ध नव्हते. ज्या जमिनीवर ही वसाहत उभी राहिली तेथील मूळ ग्रामस्थांच्या आठवणीत तर हीच जागा शेत म्हणून असणार. म्हणून बाग बदलल्याची खंत ही एकाच वर्गाची खंत म्हणून वाचावी लागते. ती खोटी नव्हे. ती अपुरी आहे.

याला पूरक असे एक कथन याच प्रदेशातील हिंदी साहित्यात आढळते. राजनांदगाव येथे जन्मलेले विनोद कुमार शुक्ल यांच्या ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ (१९९७) या कादंबरीतील रघुवर प्रसाद आणि सोनसी हे अल्प उत्पन्नाचे जोडपे एका खोलीत राहते. त्या खोलीच्या खिडकीतून पलीकडे उतरले की तळी आहेत, झाडे आहेत आणि चहा देणारी एक म्हातारी आहे. हा फेरफटकाच आहे. त्यात उद्यान आहे आणि उपाहारगृहही आहे. मात्र तेथे नियोजक नाही, तिकीट नाही आणि पगाराची अट नाही. नियोजित उद्यान जे सर्वांना देऊ इच्छिते आणि देऊ शकत नाही, ते शुक्ल यांनी कल्पनेच्या पातळीवर सर्वांत कमी साधने असलेल्या माणसांना दिले. मैत्री बाग आणि ही खिडकी एकत्र वाचली, तर प्रत्येकीतील उणीव दुसरीमुळे स्पष्ट होते. बाग प्रत्यक्ष आहे पण मर्यादित. खिडकी अमर्याद आहे पण ती केवळ कादंबरीत आहे.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, स्थलांतरित भाषकसमूहाचे साहित्य त्या भाषेतच शोधणे पुरेसे नाही. भिलाईच्या मराठी कुटुंबाचा अनुभव मराठीत थोडा आणि हिंदीत, तोही इतरांच्या हिंदीत, अधिक सापडण्याची शक्यता आहे. मुक्तिबोध आणि सप्रे यांची उदाहरणे हाच मार्ग दाखवितात. दोन, उद्यान किंवा उपाहारगृह यांतील बदलाचे कथन वाचताना काय बदलले याबरोबरच ‘जात असू’ असे कोण म्हणू शकत होते, हे विचारले पाहिजे. सिविक सेंटरच्या गाड्यांवर आजही संध्याकाळी गर्दी होते आणि गुपचुप मागितला जातो. तो मागणाऱ्यांच्या घरी कोणती भाषा बोलली जाते हे गाडीवरून ओळखता येत नाही. नियोजकांना अभिप्रेत असलेले नागरिकत्व कदाचित एवढ्याच मर्यादेत सिद्ध झाले. आणि गाडीच्या मागे भांडी विसळणाऱ्याला फिरायला जाण्यासाठी कोणती संध्याकाळ मोकळी मिळते, या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत ते अपुरेच राहील.