खाकीची शाळा (लेखांक ५) : अबूच्या डोंगरावरून शिवरामपल्लीला

१५ सप्टेंबर १९४८. भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्याचा तिसरा दिवस. सोलापूरकडून निघालेल्या तुकड्या पुढे सरकत होत्या आणि निजाम शरण यायला अजून दोन दिवस होते. नेमक्या त्याच दिवशी, तिथून हजारएक किलोमीटरवर अबूच्या डोंगरात, सेंट्रल पोलिस ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. दोन्हीकडे गृहमंत्री वल्लभभाई पटेल यांचाच हात होता. पुढे हीच संस्था कायमच्या मुक्कामाला गेली ती हैदराबादेतच!

मागच्या आठवड्यात आपण नाशिकची प्रबोधिनी पाहिली. १९०६ साली भांबुर्ड्यात सुरू झालेली आणि १९०९ मध्ये नाशिकला हललेली. पंजाबात फिल्लौर, संयुक्त प्रांतात मुरादाबाद, बंगालात सारदा अशी तेव्हा प्रांताप्रांताची वेगळी चूल होती. गोरा साहेबही तिथेच घडायचा. ऑक्टोबर १९४६ मध्ये पटेलांनी प्रांतांच्या पंतप्रधानांची परिषद बोलावून अखिल भारतीय सेवांना त्यांची संमती मिळवली. सगळ्या देशासाठी एकच अधिकारीवर्ग निवडायचा ठरलं, तेव्हा त्याला शिकवायची जागाही एकच हवी होती.

गोम अशी की राज्यघटनेने पोलिस हा विषय राज्यांकडे दिला आणि अनुच्छेद ३१२ मध्ये आयपीएसला मात्र अखिल भारतीय ठेवलं. नेमणूक केंद्राची, चाकरी राज्याची. पुढे अकादमी झालेल्या अबूच्या कॉलेजच्या सगळ्या रचनेवर या दुहेरीपणाची छाप आहे. ती केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत चालते, संचालक महासंचालक दर्जाचा असतो आणि शिकवणारे बरेचसे अधिकारी आपापल्या राज्यांतून काही वर्षांसाठी प्रतिनियुक्तीवर आलेले असतात.

अबूच्या काळातली एक गोष्ट मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. १९५० ते १९५६ अबू मुंबई राज्यात होतं. राज्य पुनर्रचनेत ते राजस्थानकडे गेलं. कॉलेज मात्र जागचं हललं नाही. १९६७ मध्ये ते नॅशनल पोलिस अकादमी झालं, १९७४ मध्ये त्याला सरदारांचं नाव मिळालं आणि १९७५ मध्ये बिऱ्हाड हैदराबादेत शिवरामपल्लीच्या २७७ एकरांत आलं. अबूवर मग केंद्रीय राखीव पोलिस दलाची अकादमी सुरू झाली.

स्थलांतरापेक्षा मोठा बदल कागदावर झाला. १९७१ मध्ये पोलिस प्रशिक्षणाची तपासणी करायला केंद्राने समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी बसवले मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक, समाजशास्त्रज्ञ प्रा. एम. एस. गोरे यांना. गणवेशवाल्यांची शाळा तपासायला बिनगणवेशाचा प्राध्यापक, हे त्या काळी धाडसच. १९७३ च्या अहवालात समितीने कवायत आणि कायद्याची कलमं यांपलीकडे जाऊन समाज, मानवी वर्तन आणि पोलिसाची वृत्ती यांना प्रशिक्षणात स्थान मागितलं. आजच्या अभ्यासक्रमातली वर्तनशास्त्राची तासिका या मागणीला धरूनच आहे.

तरी दिवस उजाडतो मैदानावरच. मसुरीचा पायाभूत अभ्यासक्रम आटोपून आलेल्या प्रोबेशनरला पहाटे पीटी, मग कवायत, घोडेस्वारी, पोहणं, शस्त्रं. इथला राजा म्हणजे ‘उस्ताद’, कवायत शिकवणारा प्रशिक्षक. हुद्द्याने तो प्रोबेशनरपेक्षा कितीतरी खाली, पण पाऊल चुकलं की त्याच्या आवाजापुढे भावी पोलिस अधीक्षक निमूटपणे पुन्हा रांगेत. १९७२ च्या तुकडीतल्या किरण बेदी अबूच्या मैदानावर ऐंशी पुरुषांत एकट्या होत्या. आता दीक्षांत संचलनात मुलींच्या संख्येची बातमी होते ती वेगळ्या कारणाने. नेपाळ, भूतान, मालदीवचे अधिकारीही याच रांगांत असतात.

नंतर वर्ग: फौजदारी कायदे, तपास, न्यायवैद्यक, सायबर गुन्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ३०२ म्हणजे खून हे पाठांतर एका रात्रीत जुनं झालं. आता तिथे १०३ आहे. मधल्या काळात प्रोबेशनर आपल्या राज्यातल्या जिल्ह्यात जातो, पोलिस ठाणं सांभाळतो, पंचनामे करतो आणि शेवटच्या टप्प्यासाठी हैदराबादला परततो. शहीद हेमंत करकरे (१९८२ ची तुकडी) आणि अशोक कामटे (१९८९) याच वाटेने महाराष्ट्राच्या सेवेत आले.

हा सगळा थाट मूठभरांसाठी. दलाचा खरा भार वाहतो तो शिपाई, आणि त्याचं प्रशिक्षण मुख्यतः राज्याच्या तिजोरीवर अवलंबून. पुढच्या आठवड्यात खंडाळा, नानवीज आणि मरोळ.