पडदा आणि पडद्यामागील नियम

आपल्या व्यवसायातील एखादा विषय सर्वांना समजेल असा लिहून द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा मला प्रथम आठवले ते वसतिगृहाचे भोजनगृह. कोठीचा हिशेब वेगळा, स्वयंपाकघर वेगळे आणि पंगतीत वाढणारी मुले वेगळी. वाढपी बदलला म्हणून आमटीची कृती बदलत नसे. संगणकावरील प्रणाली लिहितानाही नेमकी हीच विभागणी करावी लागते. ती न केल्यास काय होते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

नोकरीच्या आरंभी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेणारी एक प्रणाली मी लिहिली होती. पालकांचे वार्षिक उत्पन्न मर्यादेत आहे की नाही, हे तपासणारा नियम मी 'अर्ज सादर करा' या बटणाच्याच कोडमध्ये घातला. पुढे अर्ज दुरुस्त करण्याचे पान आले, नंतर मोबाइलचा पडदा आला. प्रत्येक ठिकाणी तोच नियम पुन्हा उतरविला. उत्पन्नाची मर्यादा वाढली तेव्हा दोन जागी बदल केला, तिसरी राहून गेली. ती नेमकी मोबाइलची होती. ज्यांच्या घरी संगणक नव्हता त्याच मुलांना, पात्र असूनही, 'आपण अपात्र आहात' असे उत्तर मिळत राहिले. एका आईने धीर करून दूरध्वनी केला, म्हणून चूक उघडकीस आली.

या दुखण्यावरील उपाय मात्र माझ्या जन्माच्याही आधीचा होता. नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ त्रिग्वे रीन्सकाउग यांनी 1979 मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात, स्मॉलटॉक भाषेवर काम करणाऱ्या गटासमवेत असताना, 'मॉडेल–व्ह्यू–कंट्रोलर' ही रचना मांडली. माहिती एकीकडे, तिचे दृश्यरूप दुसरीकडे आणि वापरणाऱ्याच्या सूचना हाताळणारा भाग तिसरीकडे. अशा पुनःपुन्हा उपयोगी पडणाऱ्या रचनांना आमच्या क्षेत्रात 'पॅटर्न' म्हणतात. ही कल्पना आम्ही उसनी घेतली आहे ती घरे बांधणाऱ्यांकडून, वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांच्या लेखनातून.

पुढे 2005 मध्ये मायक्रोसॉफ्टमधील जॉन गॉसमन यांनी याच विचाराचे 'मॉडेल–व्ह्यू–व्ह्यूमॉडेल' हे रूप मांडले. माझ्या अर्जाला ते लावून पाहू. उत्पन्नाचा आकडा आणि पात्रतेचा नियम यांचे स्थान मॉडेलमध्ये. 'सादर करा' हे बटण आता चालू असावे की बंद, कोणता संदेश दाखवावा, हे व्ह्यूमॉडेल ठरविते. व्ह्यू म्हणजे प्रत्यक्ष पडदा; तो दिलेले दाखवितो आणि बोटाचा स्पर्श आत कळवितो, निर्णय घेत नाही. मेख पुढे आहे. व्ह्यूमॉडेलला पडद्याची ओळखच नसते. आपल्याकडील एखादे मूल्य बदलले, एवढेच ते जाहीर करते. ज्या पडद्याने त्या मूल्याशी स्वतःला बांधून घेतले असेल, तो आपोआप बदलतो. त्यामुळे संगणकाचा, मोबाइलचा असे कितीही पडदे जोडले, तरी नियम एकच राहतो.

दुसरा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो. पडदा न उघडताच तपासणी करता येते: उत्पन्न मर्यादेहून एक रुपया अधिक असेल तर, नेमके मर्यादेइतके असेल तर, रकाना रिकामाच असेल तर. चूक बहुधा या कडांवरच दडलेली असते.

अर्थात, एका पानाच्या बेरजेच्या प्रणालीला एवढा डोलारा कशाला? गॉसमन यांनी स्वतःही साध्या कामांसाठी ही रचना जड पडते, असे मान्य केले होते. शिवाय आळसाने सारेच व्ह्यूमॉडेलमध्ये कोंबले, तर जुना गुंता केवळ नव्या खोलीत हलतो. असे कोडही मी पाहिले आहे, थोडे लिहिलेही आहे.

ती प्रणाली मी नंतर नव्याने लिहून काढली. पुढच्या वेळी मर्यादा बदलली तेव्हा एका ओळीतील एक आकडा बदलला, तपासण्या चालविल्या आणि मोबाइलवरचा अर्ज सर्वांत आधी स्वतः भरून पाहिला.